बाहुलीचा चेहरा आणि बाहुलीचा स्वेटर: दोन्ही एकाच जागी फसतात

सुईदोरा

गेली सहा वर्षं मी बाहुल्यांचे चेहरे पुसून नव्याने रंगवते आणि त्यांच्यासाठी लोकरीचे कपडे विणते. विणकाम आधीपासून हातात होतं, चेहऱ्याला हात लावायचं धाडस दोन वर्षांनी झालं. इतक्या दिवसांत एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. चेहरा फसतो तो आणि स्वेटर फसतो तो एकाच कारणाने. दोन्ही बाहुलीच्या मानाने जाड होतात.

हिशेब करून बघा. साधारण २९ सेंटिमीटर उंचीची बाहुली माणसाच्या एक षष्ठांश धरतात. म्हणजे तिच्या अंगावरची प्रत्येक गोष्ट मनात सहापट करून बघायची. ४ मिलिमीटरच्या नेहमीच्या सुयांवर एक टाका साडेचार मिलिमीटरच्या आसपास पडतो. सहापट केला की झाला पावणेतीन सेंटिमीटर, अंगठ्याहून रुंद! तो स्वेटर घातलेली बाहुली पोत्यात घातल्यासारखी दिसते आणि आपल्याला वाटतं की रंग चुकला. भुवईचंही तेच. कपाळावर ओढलेली १ मिलिमीटरची सरळ रेघ आपल्या चेहऱ्यावर ६ मिलिमीटरचा पट्टा झाली असती.

म्हणून मी भुवई ‘रेघ’ म्हणून काढतच नाही. आधी फिकट तपकिरी पेस्टलची पूड कोरड्या ब्रशने भुवईच्या जागी नुसती सावलीसारखी चोळते. त्यावर मॅट स्प्रेचा, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या बिनचकाकीच्या फवाऱ्याचा, एक पातळ थर. तो वाळला की वॉटरकलर पेन्सिलीला सुईसारखं टोक काढून एकेक केस. नाकाकडचे केस जवळजवळ उभे, मधले तिरपे, कानाकडचे आडवे पडत जाणारे. प्रत्येक फटकारा मुळाशी टेकवायचा आणि टोकाकडे उचलत न्यायचा, म्हणजे शेवट आपोआप बारीक होतो. एका भुवईत पंचवीस-तीस केस होतात. पेन्सिल दर चार-पाच केसांनी परत तासावी लागते, आणि तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो. बोथट टोकाने काढलेला एक केस शेजारच्या दहांना खाऊन टाकतो.

आपापले अनुभव लिहा. फसलेली कामं तर जरूर लिहा.

चिंगी

किती छान धागा! मी अगदीच नवी आहे. पहिल्याच बाहुलीचा रंग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरलं. ओठ निघाले, पण गालाचा भाग चिकट झाला आणि कापसाचे तंतू त्यातच रुतून बसले. आता तिथे पांढरट खरबरीत डाग आहे. ही बाहुली वाया गेली का?

रंगपेटी

@चिंगी, वाया गेलेली नाही. पण आधी सांगा, चेहरा बोटाने दाबला तर दबतो की टणक आहे?

चिंगी

टणक. नखाने टकटक आवाज येतो.

रंगपेटी

मग तो एबीएस या टणक प्लास्टिकचा असणार, आणि रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन ते विरघळवतं. म्हणूनच चिकटपणा आला. बाहुली हातात घेतल्यावर सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच, चेहरा कशाचा आहे?

दबणारा, रबरासारखा चेहरा व्हिनाइलचा. फॅशन डॉल प्रकारातल्या बहुतेक बाहुल्या यात येतात. यांचा कारखान्यातला रंग अ‍ॅसिटोनने निघतो. बोळा ओला करा पण थबथबता नको, एका जागी घासत बसू नका आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुवा. डोळे जडवलेले असतील तर अ‍ॅसिटोन तिथवर जाऊ द्यायचं नाही.

टणक एबीएस असेल तर रसायन नकोच. पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर घ्या, आधी ६०० नंबरचा, मग १०००, मग २००० (नंबर मोठा तितका कागद बारीक). हलक्या हाताने गोल फिरवत रंग उतरवायचा. त्याने मूळची चकाकीही जाते आणि नव्या रंगाला पकड मिळते. बारीक धूळ उडू नये म्हणून पाणी, शिवाय तोंडावर मास्क.

सांध्यांत गोळे असलेल्या रेझिनच्या बाहुल्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, अ‍ॅसिटोन नाही.

तुमचा डाग पूर्ण कडक होईपर्यंत दोन दिवस तसाच राहू द्या, मग ओल्या पॉलिश पेपरने समतल करा. घाईने आज घासलंत तर मऊ झालेलं प्लास्टिक ओढलं जाईल आणि खड्डा पडेल.

चिंगी

खूप आभार रंगपेटी! थांबते दोन दिवस.

गुलबक्षी

वाचनखूण साठवली.

थोडी मागची गोष्ट लिहिते, कारण हा छंद कुठून आला हे कळलं की आपल्या हातातल्या बाहुलीकडे वेगळं बघता येतं. मोठ्या डोक्याची, मोठ्या डोळ्यांची ब्लाइथ ही बाहुली अमेरिकेत केनर कंपनीने १९७२ साली काढली. डोक्यामागची दोरी ओढली की डोळे मिटून उघडतात आणि दर वेळी वेगळ्या रंगाचे होतात, असे चार रंग. मुलांना ती रुचली नाही आणि वर्षभरातच बंद झाली. पुढे जिना गॅरन या छायाचित्रकाराने जुन्या ब्लाइथ घेऊन फोटो काढायला सुरुवात केली. २००० साली त्या फोटोंचं पुस्तक आलं आणि २००१ मध्ये जपानच्या ताकारा कंपनीने ब्लाइथ नव्याने बाजारात आणली. आज ज्यांचे चेहरे लोक कोरतात, रंगवतात, त्या बहुतेक या नव्या पिढीतल्या.

दुसरी वाट जपानमधल्याच व्होल्क्सची. त्यांनी १९९९ मध्ये सुपर डॉल्फी आणली. सांधे गोळ्यांचे, आतून रबरी दोरीने ताणलेले. डोळे, केस बदलता येतात आणि चेहराही पुसून पुन्हा रंगवता येतो. बाहुली विकत घेऊन आपण ती पुरी करायची, ही कल्पना तिने फार लांबवर नेली.

आणि मला सगळ्यात जवळचं वाटणारं काम टास्मानियातल्या सोनिया सिंगचं. टाकून दिलेल्या, भडक मेकअपच्या बाहुल्या घ्यायच्या, चेहरा पुसायचा आणि साध्या मुलीचा चेहरा रंगवायचा. ओठ लहान, डोळे लहान, नाकावर चामखिळीसारखे दोन-चार ठिपके. त्यांचे कपडे विणून देते तिची आई. २०१५ च्या सुरुवातीला त्या बाहुल्यांचे फोटो जगभर पोचले. एकीने रंगवायचं, दुसरीने विणायचं. या धाग्याचा विषय तिथे एका घरात आहे.

सुईदोरा

@गुलबक्षी, फार सुंदर लिहिलंत. ते फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा स्वेटरकडेच बघत राहिले होते. मात्र नाकावरचे ते ठिपके चामखिळीसारखे नाहीत, उन्हाने उठणाऱ्या तिळांसारखे आहेत. ते काढायची युक्ती सांगते. ब्रशने ठिपके देऊ नका, सगळे सारखे येतात. जुन्या टूथब्रशवर पाण्यात पातळ केलेला तपकिरी रंग घ्या आणि अंगठ्याने केस मागे ओढून लांबून तुषार उडवा. डोळे आणि ओठ आधी कागदाने झाका. एखादा थेंब मोठा पडला तर ओल्या बोळ्याने लगेच टिपा.

गुलबक्षी

हो, तीळच. शब्द चुकला माझा. :)

निळाई

मूळ मुद्द्याशी माझा थोडा मतभेद आहे. ब्लाइथसारख्या बाहुलीचं डोकंच अंगाच्या मानाने अवाढव्य. तिला माणसाचं माप लावून भुवईचे केस मोजण्यात काय अर्थ? माझ्या बाहुल्यांना मी जाड काळं काजळ काढते, पापणीवर रुंद पट्टा. ते चित्रातल्यासारखं दिसतं आणि मला तेच हवं असतं. बारीक म्हणजेच चांगलं, हे पटत नाही.

सुईदोरा

@निळाई, तुमचे फोटो पाहिले आहेत आणि ते काजळ मला खरंच आवडतं. म्हणून आत्ता परत जाऊन मोठं करून पाहिलं. तुमचा पट्टा रुंद आहे, पण त्याची कड बघा. नाकाकडे तो धाग्याइतका सुरू होतो, मध्ये भरतो आणि शेवटी शेपटी केसाएवढी होते. म्हणजे रुंदी तुम्ही ठरवून दिलेली आहे. मी ज्याला जाड म्हणते ते म्हणजे जिथे रेघेची दोन्ही टोकं तिच्या पोटाइतकीच रुंद राहतात. तरी तुमचं म्हणणं घेते. ‘सगळं बारीक काढा’ यापेक्षा ‘जिथे संपतं तिथे बारीक संपवा’ हे जास्त बरोबर आहे.

निळाई

हे मान्य. शेपटीसाठी मी तीन शून्यांचा (०००, म्हणजे फार बारीक) ब्रश घेते, पण लांब केसांचा. आखूड केसांच्या ब्रशमध्ये रंग मावत नाही, मग रेघ मध्येच तुटते आणि जोड दिसतो. अ‍ॅक्रिलिक शाईइतकं पातळ करायचं आणि आधी कागदावर एक रेघ ओढून जास्तीचा रंग काढून टाकायचा.

आणखी एक. उजव्या हाताने काम करणाऱ्यांना एक डोळा हमखास अवघड जातो. तो आधी काढा. सोपा डोळा अवघडाशी जुळवता येतो, उलट फार कठीण जातं. मग बाहुली आरशात बघा, किंवा फोटो काढून तो आडवा उलटा करा. एक भुवई वर गेलेली असेल तर तेव्हा लगेच डोळ्यांत भरते.

उलटसुलट

विणकामावर कोणी सविस्तर लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते.

बाहुलीचा स्वेटर माणसाच्या स्वेटरसारखा डोक्यातून घालता येत नाही. डोकं मोठं, केस जाड, आणि रंगवलेल्या चेहऱ्यावरून लोकर ओढत नेणं म्हणजे पापण्यांचं काम घासून काढणं. म्हणून पाठ पूर्ण उघडी ठेवायची. दुसरी अडचण हात. बोटं पसरलेली असतात आणि बाहीत टाक्याटाक्याला अडकतात. त्यावर उपाय म्हणजे घालताना पंजावर कागदाची किंवा प्लास्टिकची छोटी पुंगळी चढवायची आणि बाही तिच्यावरून सरकवायची. ज्या बाहुल्यांचे पंजे निघतात त्यांचे काढून ठेवायचे.

मी गळ्यापासून खाली विणते, म्हणजे शिलाई लागत नाही. एवढ्या लहान कपड्यात शिलाईची कड आत दोरखंडासारखी फुगते.

एक हिशेब देते. २ मिलिमीटरच्या सुया, अगदी बारीक लोकर, आणि माझ्या हाताला १ सेंटिमीटरला ४ टाके. बाहुलीची छाती १० सेंटिमीटर, गळा ७. गळ्याला ७ गुणिले ४ म्हणजे २८ टाके, शिवाय पाठीच्या दोन्ही कडांना बटणपट्टीचे २-२, एकूण ३२. पट्टीचे टाके प्रत्येक सुईला (म्हणजे विणीच्या प्रत्येक ओळीला) सुलटच. उरलेल्या २८ ची वाटणी: पाठ ५, बाही ४, पुढचा भाग १०, बाही ४, पाठ ५. या चार सांध्यांवर खूण अडकवा आणि दर सुलट सुईला प्रत्येक खुणेच्या अलीकडे-पलीकडे एकेक टाका वाढवा. एका वेळेला ८ टाके वाढतात. असं पाच वेळा केलं की पाठ १०-१०, बाह्या १४-१४, पुढचा भाग २०. बाह्यांचे टाके दुसऱ्या रंगाच्या धाग्यावर काढून ठेवा, प्रत्येक काखेत २ नवे टाके घाला. अंगाचे झाले ४४, म्हणजे ११ सेंटिमीटर. छातीपेक्षा १ सेंटिमीटर सैल. त्याहून सैल ठेवलंत तर काखेत घडी पडते.

बाहीला १४ अधिक काखेतले २, असे १६ टाके. एवढे थोडे टाके गोलात विणायला मोजे विणायच्या दोन्हीकडे टोकं असलेल्या सुया हाताला बोचतात. मी ८० सेंटिमीटरची गोल सुई घेते आणि तिची तार मध्यातून ओढून दोन भागांत विणते. काखेत जिथे टाके उचलता तिथे दोन्ही कोपऱ्यांना हमखास भोक पडतं. कोपऱ्यातला आडवा धागा उचलून, त्याला पीळ देऊन शेजारच्या टाक्याबरोबर एकत्र विणा. भोक बुजतं आणि टाक्यांचा आकडाही तोच राहतो.

तुमच्या बाहुलीचं माप तुम्ही घ्या, आकडे बदलतील, वाटणीची रीत तीच राहील.

सुईदोरा

@उलटसुलट, हा प्रतिसाद वेगळ्या धाग्याच्या तोडीचा आहे. यात आपला सहापटीचा हिशेबही तपासता येतो. १ सेंटिमीटरला ४ टाके म्हणजे एक टाका अडीच मिलिमीटर. सहापट केला तर दीड सेंटिमीटर. अजूनही जाडच, पण थंडीतला भरड स्वेटर म्हणून डोळा ते मान्य करतो. सव्वा मिलिमीटरच्या सुयांवर १ सेंटिमीटरला ६ टाके बसतात आणि तेव्हा कापड खऱ्या कपड्यासारखं पडतं. एक स्वेटर पुरा व्हायला मला तेव्हा आठवडा लागतो. काळी लोकर मी त्या सुयांवर घेत नाही, टाके दिसेनासे होतात.

अबोली२

बटणं कुठली लावता? मला मिळतात ती सगळी ताटलीएवढी दिसतात.

उलटसुलट

४ मिलिमीटरची मिळाली तर तीच. नाहीतर गोल मणी शिवा आणि समोर दोऱ्याचा फास करा. सतत कपडे बदलणार असाल तर आतून सगळ्यात लहान टिचबटणं आणि वर शोभेला मणी. चिकटणाऱ्या खरखरीत पट्ट्या मात्र नकोत, त्या केस आणि लोकर दोन्ही ओरबाडतात.

अबोली२

धन्यवाद. मणी आणि फास जमेल मला.

जुना कुंचला

स्प्रेबद्दल कोणी बोललं नाही, आणि नवीन मंडळी इथे वाचत आहेत म्हणून कळकळीने लिहितो.

चेहऱ्यासाठी मिस्टर सुपर क्लिअरसारखे जे मॅट स्प्रे वापरतात त्यांची वाफ फुप्फुसांना घातक असते. कापडी मास्क किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या डब्या लावलेला रबरी मास्क हवा, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे आणि जागा मोकळी. लहान मूल किंवा पाळीव प्राणी आसपास असताना फवारू नका. बाहुलीही वास जाईपर्यंत खोलीत आणू नका. वर्षभर मी नुसता रुमाल बांधून फवारत होतो आणि नंतरचा खोकला मी सर्दीचा समजत होतो. मास्क आणल्यावर तो थांबला.

दुसरं, दमट हवा. एका पावसाळी संध्याकाळी, काम संपवायच्या घाईत, तीन दिवस रंगवलेल्या चेहऱ्यावर शेवटचा थर मारला. पाच मिनिटांत गालांवर धुकं उतरल्यासारखा पांढुरका पापुद्रा आला. द्रावक झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ थरातच अडकते. तेव्हा चिडून मी सगळं पुसून टाकलं. आज तसं करणार नाही. कोरड्या दिवशी अगदी हलका एक थर पुन्हा दिला तर पुष्कळदा जुना थर थोडा विरघळतो आणि पांढरेपणा जातो. मी हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र ठेवतो आणि ६० टक्क्यांच्या वर असेल तर डबा हातात घेत नाही.

रंगपेटी

जुना कुंचला यांना पूर्ण अनुमोदन. थरांचं एक सांगते. जे जमलंय ते लगेच बंद करायचं. गालांची लाली जमली, थर. भुवया जमल्या, थर. मग पुढची पापणी बिघडली तरी ओल्या बोळ्याने फक्त पापणीच पुसली जाते, भुवई सुरक्षित. पण प्रत्येक थर पातळ हवा. जाड फवारला की तो ओठांच्या मधल्या खाचेत साचतो आणि कोरीव काम बुजतं. ओठांवर आणि पापणीच्या ओल्या कडेवर चकाकी हवी असेल तर चकचकीत वॉर्निश अगदी शेवटी, ब्रशने.

गुलबक्षी

माझी फसलेली गोष्ट. एका व्हिनाइलच्या बाहुलीला गडद लाल स्वेटर विणला. इतका आवडला की चार महिने काढलाच नाही. काढला तेव्हा मानेभोवती आणि दोन्ही मनगटांवर गुलाबी कडी उमटलेली. साबणाने, अल्कोहोलने, कशानेच हललं नाही. रंग वर बसलेला नव्हता, आत उतरला होता.

सुईदोरा

व्हिनाइलमध्ये त्याला मऊ ठेवणारं द्रव्य असतं आणि कपड्यातला सुटा रंग त्यातून आत शिरतो. म्हणून वरून धुवून काही होत नाही. मुरुमांसाठी मिळणारं १० टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम डागावर लावायचं, वर पातळ प्लास्टिक गुंडाळायचं आणि उन्हात ठेवायचं. वाळलं की पुन्हा लावायचं. दोन दिवस लागतात, कधी आठवडा. पण ते व्हिनाइलचा मूळ रंगही फिका करू शकतं. म्हणून फक्त डागापुरतं लावा, रोज बघा आणि रंगवलेल्या चेहऱ्याजवळ अजिबात नेऊ नका.

त्यापेक्षा आधीची काळजी बरी. विणायच्या आधी लोकरीचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात रात्रभर दाबून ठेवा. कापडावर रंग आला तर लोकर पाण्यात रंग येईनासा होईपर्यंत धुवा. तरीही गडद कपड्याखाली मी पांढऱ्या सुती कापडाची बिनबाह्यांची बंडी घालते. आणि फोटो झाले की गडद कपडे उतरवून ठेवते.

निळाई

लाल, काळा आणि गडद निळा, या तिघांवर माझा कधीच विश्वास नाही.

चिंगी

परत आले. दोन दिवस थांबले, मग पॉलिश पेपरने ओलं करून घासलं. डागाची जागा आता बोटालाही लागत नाही!! खोटं वाटेल पण मी दहा वेळा बोट फिरवून पाहिलं.

भुवया तीनदा पुसल्या. चौथ्यांदा डावी जमली, लगेच थर दिला (मास्क आणला, जुना कुंचला यांना सांगायचं होतं). उजवी थोडी वर गेली आहे, आरशात दिसते. आणि स्वेटर उलटसुलट यांच्या रीतीने विणला. माझ्या बाहुलीला गळ्याला २४ टाके आले, वाटणी ४, ४, ८, ४, ४. पट्टीचे २-२ वेगळे. अंग झालं, एक बाही झाली. दुसरी बाही पुढच्या रविवारी करणार आहे. उजवी भुवई पुसू का?

उलटसुलट

वाटणी अगदी बरोबर. पण दुसरी बाही रविवारपर्यंत ठेवू नका, आजच घ्या. आठवड्याने हाताचा ताण बदलतो आणि सोळाच टाक्यांत तो फरक लपत नाही. पहिल्या बाहीच्या सुया मोजून कागदावर लिहून ठेवा.

सुईदोरा

@चिंगी, सगळी भुवई पुसू नका. वर गेलंय ते बहुतेक कानाकडचं टोक असेल. बोळा नको, टोकदार कापूसकाडी जेमतेम ओली करून शेवटचे पाच-सहा केसच उचला, वाळू द्या आणि तेवढेच पुन्हा काढा, जरा आडवे. पेन्सिल तासून घ्या आधी. झालं की दोन्ही बाह्यांसकट फोटो टाका.